आधी पेन्सिल, मग शाई

जिंतूर असो की गंगाखेड, दुय्यम निबंधकांसमोर खरेदीखत झाले, फोटो आणि अंगठे झाले, की जमीन घेणारा एकच प्रश्न विचारतो : 'आता सातबाऱ्यावर नाव कधी लागंल?' पूर्वी याचे उत्तर तलाठ्याच्या सवडीवर असे. निबंधक कार्यालयातून वर्दीचा कागद तहसीलला, तिथून सज्जावर, आणि मधे कुठे तो दबून राहिला की घेणाऱ्याने चपला झिजवायच्या. अशी वर्दी पाठवणे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 154 ने बंधनकारकच केलेले आहे. पण कलम आहे म्हणून कागद पाय फुटून चालत नाही. आता निबंधकांची आय-सरिता आणि महसूल खात्याची ई-फेरफार या दोन प्रणाली एकमेकींना जोडल्या आहेत. इकडे दस्त नोंदला गेला की तिकडे वर्दी आपोआप पोचते.

एक घडले की दुसरे कुणी न सांगता घडावे, ही सोय एकाच डेटाबेसच्या आत करायची असेल तर तिथे ट्रिगर लावतात. या सरकारी प्रणालींच्या पोटात नेमके काय लिहिले आहे, हा आपला विषय नाही. पण ट्रिगर लिहावा कसा आणि बिघडला तर चूक शोधावी कुठे, हे समजून घ्यायला गावच्या दप्तराइतका चांगला नमुना मला दिसत नाही.

कारण हे दप्तर संगणक येण्याआधीपासूनच डेटाबेस आहे. गाव नमुना 7 मध्ये जमीन कुणाची, 12 मध्ये पीक कोणते, 8-अ मध्ये एका खातेदाराची गावातली सगळी जमीन, आणि नमुना 6 म्हणजे फेरफाराची नोंदवही. गट क्रमांक, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक या तिघांनी ते तक्ते एकमेकांत गुंफलेले. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडा असतो, तो फेरफाराचा. हे नाव इथे का आले, ते त्या आकड्यावर जाऊन वाचा, असे तो सांगतो. रिलेशनल डेटाबेसमध्ये एक तक्ता दुसऱ्याचा हवाला देतो तो असाच.

ट्रिगर म्हणजे एखाद्या तक्त्याला बांधून ठेवलेल्या सूचनांच्या काही ओळी. तक्त्यात नवी ओळ भरली, असलेली बदलली किंवा काढली की त्या चालतात. बदलाच्या आधी की नंतर, ते आपण ठरवायचे. ट्रिगरला जुनी ओळही दिसते आणि नवीही. तो कुणी बोलवावा लागत नाही, त्यामुळे बदल कोणत्याही दाराने आला, ॲप्लिकेशनमधून, दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून किंवा कुणी थेट डेटाबेसमध्ये हात घालून, तरी ट्रिगर सहसा त्याला गाठतो. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत के. पी. ईश्वरन यांनी 1976 मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. ऑरॅकलमध्ये ती 1992 च्या सातव्या आवृत्तीत आली, एसक्यूएलच्या मानकात 1999 साली, आणि आपल्याकडच्या छोट्या कंपन्या-महाविद्यालयांचे लाडके मायएसक्यूएल 2005 पर्यंत ट्रिगरविनाच चालले.

आता फेरफाराची रीत बघा. वर्दी आल्याबरोबर घेणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर पक्के होत नाही. कलम 150 प्रमाणे तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) नोंदवहीत नोंद घेतो, चावडीवर प्रत लावतो, हितसंबंधितांना नमुना 9 ची नोटीस काढतो. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हाताने लिहायच्या काळात सातबाऱ्यावर ही नोंद आधी पेन्सिलीने होई आणि प्रमाणित झाल्यावर शाईने. शिवाय जुने नाव खोडायचे नाही, त्याला कंस करायचा. म्हणजे आधी कोण होते, हे शंभर वर्षांनीही वाचता यावे. मराठवाड्यात जमिनीचा वाद निघाला की वकील आजही 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक मागतात, ते याच जुन्या ओळीसाठी.

माझ्या मते ट्रिगर लिहिण्याचा सगळा शहाणपणा या पेन्सिलीत आहे. जे आपोआप होते, त्याने पेन्सिलीने लिहावे : नोंद घ्यावी, जुनी ओळ कंसात जपावी, 'प्रलंबित' असा शिक्का मारावा. शाई माणसाच्या हातात ठेवावी. बिघडलेले बहुतेक ट्रिगर बघा. त्यांच्याकडून कुणीतरी मंडळ अधिकाऱ्याचे काम करून घेत असतो.

एक उदाहरण लिहूनच पाहू. समजा, सेलू तालुक्यात 2 हेक्टर 40 आरचा एक गट आहे, तिघा भावांचे प्रत्येकी 80 आर. धाकटा 40 आर शेजाऱ्याला विकतो. आपल्या तक्त्यात दोन बदल होणार : धाकट्याचे 80 चे 40, आणि शेजाऱ्याची 40 ची नवी ओळ. कुणीतरी हौसेने ट्रिगर लिहितो, की खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळली नाही तर बदल नाकारायचा. हेतू उत्तम आहे. सातबाऱ्यांच्या दुरुस्तीत क्षेत्राचा मेळ न बसणे ही नेहमीची डोकेदुखी. पण हा ट्रिगर एकही विक्री होऊ देणार नाही! धाकट्याचे क्षेत्र कमी झाले की बेरीज 2 हेक्टरवर येते, शेजारी अजून आलेला नसतो, आणि ट्रिगर तिथेच हात आडवा घालतो. आधी शेजाऱ्याला घातले तर बेरीज 2 हेक्टर 80 आर, पुन्हा नकार. ऑरॅकलमध्ये तर गाडी इथवरही येत नाही. जो तक्ता बदलतो आहे तोच ओळीचा ट्रिगर वाचू पाहतो, म्हणून प्रत्येक ओळीमागे चालणारा ट्रिगर चार हजार एक्क्याण्णव क्रमांकाची चूक दाखवून थांबतो. पोस्टग्रेसमध्ये यावर नेमका उपाय आहे : कन्स्ट्रेंट ट्रिगर लिहायचा आणि तपासणी पुढे ढकलायची. मग बेरीज प्रत्येक बदलानंतर लगेच न तपासता सगळा व्यवहार पक्का होण्याच्या क्षणी तपासली जाते.

दुसरी चूक वारस नोंदीत सापडते. बाप वारला, पाच वारस. ॲप्लिकेशनने एकाच आदेशात पाच ओळी भरल्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रिगर ओळीमागे नाही, आदेशामागे एकदा चालतो, आणि भरलेल्या सगळ्या ओळी त्याला 'इन्सर्टेड' नावाच्या तक्त्यात एकत्र मिळतात. शिकाऊ माणूस त्यातून नाव उचलून एका चलात ठेवतो आणि नोंदवहीत लिहितो. चलात मावते एकच नाव. पाच वारस आले, नोंद एकाची झाली, आणि चूक म्हणून कुठे काही दिसले नाही. चाचणी नेहमी एका ओळीने करतात, म्हणून ही चूक चाचणीत सापडत नाही. पाच ओळींनी करा, आणि आदेश चालला पण एकाही ओळीला लागला नाही तर काय, तेही बघा. तेव्हाही ट्रिगर चालतोच.

तिसरी चूक खास आपली, म्हणजे देवनागरीची. फेरफार भरताना संदेश येतो, की मजकूर रकान्यात मावत नाही. भरणारा म्हणतो, रकाना तर चांगला मोठा आहे. खरेच आहे. मावत नसतो तो ट्रिगरने मागच्या मागे लिहायला घेतलेल्या नोंदवहीच्या तक्त्यात, जो या माणसाने कधी पाहिलेलाही नाही. ऑरॅकलमध्ये 50 चा रकाना ठरवला आणि वेगळे काही सांगितले नाही, तर ते 50 बाइट असतात. यूटीएफ-8 मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'ज्ञानोबा' वाचताना तीन अक्षरे. संगणकाला ती ज, हलन्त, ञ, काना, न, ओकार, ब, काना अशी आठ चिन्हे, म्हणजे 24 बाइट. अर्धा रकाना पहिल्या नावातच संपला. वडिलांचे नाव आणि आडनाव जायचे कुठे? ज्याने चाचणीला इंग्रजीत चार अक्षरे टंकली होती, त्याचे सगळे सुरळीत चालले होते.

यातच ट्रिगरचा एक स्वभाव कळतो. ट्रिगर अडला की मूळ बदलही मागे फिरतो, कारण दोन्ही एकाच व्यवहारात असतात. नोंदवहीच्या रकान्यापायी खरा फेरफारच रद्द होतो. हा दोष नाही, नोंद न होता बदल होऊ नये हाच तर उद्देश. पण चूक शोधणाऱ्याला हे ठाऊक हवे.

म्हणून 'मी तर एवढंच केलं, ते का बदललं?' असे कुणी म्हणाले की आधी त्या तक्त्यावर कोणकोणते ट्रिगर आहेत ते काढा. मायएसक्यूएलमध्ये 'शो ट्रिगर्स' म्हटले की यादी येते. मग ते चालू आहेत का ते बघा. मोठा जुना डेटा चढवताना ट्रिगर बंद करतात आणि परत चालू करायचे राहून जाते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये घाऊक भरणा मुद्दाम सांगितल्याशिवाय ट्रिगर चालवतच नाही. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीमुळे आपोआप पुसल्या गेलेल्या ओळींवर ट्रिगर चालत नाहीत, त्यामुळे पोटतक्त्यातल्या ओळी नोंद न होता जातात. पोस्टग्रेसमध्ये 'आधी'च्या ट्रिगरने चुकून नल परत दिला तर ओळ गुपचूप गळते. आणि तिथेच एका प्रसंगावर दोन ट्रिगर असतील तर ते नावाच्या वर्णानुक्रमाने चालतात, हे न कळल्याने लोक तासन्‌तास चाचपडतात. 7 बदलला की 8-अ बदलायचा आणि 8-अ बदलला की 7, असे दोन ट्रिगर समोरासमोर ठेवले तर एसक्यूएल सर्व्हर 32 पायऱ्यांनंतर हात टेकतो. यावर माझे मत साधे आहे : 8-अ मोजून काढता येतो, तो ट्रिगरने जुळवत बसू नये.

शेवटचा अडथळा 'कोणी' या रकान्याचा. कागदी नोंदवहीत मंडळ अधिकाऱ्याची सही असते, हुद्दा असतो, तारीख असते. ट्रिगरला मात्र डेटाबेसशी जोडलेला वापरकर्ता दिसतो, आणि बहुतेक ठिकाणी ॲप्लिकेशन सगळ्यांसाठी एकाच खात्याने जोडलेले असते. मग पाथरीचा बदल असो की पालमचा, प्रत्येक ओळीपुढे तेच एक नाव उमटते. ॲप्लिकेशनने प्रत्येक व्यवहाराआधी खऱ्या माणसाची ओळख त्या जोडणीत ठेवायची आणि ट्रिगरने ती तिथून उचलायची, असे करता येते. ओळख रिकामी सापडली तर ट्रिगरने अंदाजाने काही न भरता बदल नाकारावा. एखाद्या रात्री कुणी थेट डेटाबेस उघडून दुरुस्ती करायला बसला, तर त्यालाही आधी आपले नाव सांगावे लागेल.