आजीचा तोळा आणि अब्राहामाचा शेकेल

ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हा भाग इथे लिहून ठेवतोय.

सुरुवात आमच्या घरातल्या भांडणापासून. देऊळगाव राजाच्या घरी आजीची चिठ्ठी सापडली: "पाटल्या, पाच तोळे, आत्याला द्या." सराफाने काट्यावर ठेवल्या तर भरल्या अठ्ठावन्न ग्रॅम आणि थोडं वर. काका लगेच म्हणाले, "पाच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅम. वरचे आठ ग्रॅम आईने द्यायला सांगितलेच नव्हते." आत्या काही न बोलता उठून आत गेली. सोन्याचा आजचा भाव बघता आठ ग्रॅम म्हणजे काही चिल्लर नाही.

चूक कोणाचीच नव्हती, फक्त शब्दाच्या आतलं वजन बदललं होतं. आपण बोलण्यात दहा ग्रॅमला तोळा म्हणतो, पण मेट्रिक मापं येण्याआधीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा. १८३५ पासूनचा चांदीचा रुपयाही बरोबर तेवढ्याच वजनाचा. ५ गुणिले ११.६६, किती झाले? ५८.३.

आता गंमत बघा. बायबलमधल्या ज्यू लोकांचं वजन म्हणजे शेकेल. उत्खननात सापडलेल्या दगडी वजनांवरून तो साधारण ११.३ ग्रॅमचा निघतो, म्हणजे जवळजवळ आपला तोळाच! दोघांचं नातं काही नाही, निव्वळ योगायोग. पण शब्द घडले सारख्याच रीतीने. आपला तोळा 'तोलणे' मधला, आणि हिब्रूतही शेकेलचा धातू तोलण्याचाच. तेव्हा नाणी नव्हतीच. अब्राहामाने बायकोला पुरायला जमीन घेतली, तेव्हा ४०० शेकेल चांदी तोलून दिली. म्हणजे साडेचार किलो.

हे दुसऱ्या भाषेत नेताना मात्र पंचाईत होते. १३८० च्या दशकात जॉन विक्लिफच्या मंडळींनी लॅटिनवरून इंग्रजी बायबल केलं. शेकेलसाठी त्यांनी लॅटिन शब्दच जरा वळवून 'सिकल' ठेवला. पण रोमन दिनार आला की तिथे सरळ आपली 'पेनी' लिहिली. वाचणाऱ्याला पेनी माहीत होती, दिनार कुठे माहीत होता? पुढे पेनीची किंमत घसरत गेली आणि द्राक्षमळ्यातल्या मजुरांची पूर्ण दिवसाची मजुरी वाचणाऱ्याला भीक वाटायला लागली.

आपल्याकडेही हेच झालं. मराठी बायबलच्या एका प्रचलित भाषांतरात त्या मजुरांना रोजचा 'रुपया' मिळतो, आणि गरीब विधवा दानपेटीत दोन टोल्या म्हणजे एक 'दमडी' टाकते. दमडी मला तरी फार आवडते. 'फुटकी दमडी नाही' म्हणणाऱ्या माणसाला त्या बाईची परिस्थिती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. रुपया मात्र फसला. आज दिवसाला एक रुपया वाचलं की मळ्याचा मालक पक्का लुटारू वाटतो.

कधी तर शब्दच कळत नाही. हिब्रू बायबलमध्ये 'पीम' असा शब्द एकदाच येतो, शेतकरी फाळ पाजवून घ्यायला लोहाराकडे जातात त्या जागी. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात अंदाजाने 'कानस' लिहिली गेली. विसाव्या शतकात जमिनीतून छोटी दगडी वजनं निघाली, त्यांवर हाच शब्द कोरलेला. वजन शेकेलच्या दोन तृतीयांश, साडेसात-पावणेआठ ग्रॅम. म्हणजे ती कानस नव्हती, लोहाराची मजुरी होती! तीनशे वर्षं लोक अवजार समजून वाचत होते. (आमच्या कोडमध्ये असा बग तीन दिवस राहिला तरी मॅनेजर झोपू देत नाही.)

आणि 'टॅलेंट'? तेही वजनच. हिब्रू हिशेबाने ३००० शेकेल, साधारण ३४ किलो. येशूच्या काळी ती ६००० दिनारांची रक्कम होती, म्हणजे मजुराची वीसेक वर्षांची कमाई. त्याने सांगितलेल्या गोष्टीत मालक नोकरांना टॅलेंट सांभाळायला देतो. त्या गोष्टीवरून मध्ययुगाच्या अखेरीस इंग्रजीत त्याचा अर्थ 'अंगचा गुण' असा झाला. रिॲलिटी शोमधलं टॅलेंट ते हेच.

पाटल्यांचं काय झालं? मी आजीच्या पेटीतला जुना चांदीचा रुपया सराफाकडे नेला आणि काकांसमोर काट्यावर ठेवला. वापरून झिजलेला होता, तरी साडेअकरा ग्रॅम भरला. काकांनी दोनदा बघितलं, मग म्हणाले, "आत्याला फोन लाव."