पाळीतील अतिरक्तस्राव : सोसण्याची नव्हे, सांगण्याची गोष्ट

साधारण दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या गावातील एक शिक्षिका, वय ४२, दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या दवाखान्यात येत असत. तक्रार ठरलेली : थकवा, जिना चढताना धाप, अधूनमधून डोकेदुखी. मी पापणी खाली ओढून पाही, फिकटपणा दिसे, लोहाच्या गोळ्या लिहून देई. दोन वर्षे हा क्रम चालला. एके दिवशी त्या वर्गातच चक्कर येऊन पडल्या. हिमोग्लोबिन निघाले ६.४. तेव्हा मी प्रथमच विचारले, "बाई, पाळीत किती जाते?"

"नऊ-नऊ दिवस जातं, डॉक्टर. पहिले तीन दिवस तर रात्री दोनदा गजर लावून उठते. पण बाईच्या जातीला हे चालायचंच. आईचंही असंच होतं."

त्यांनी सांगितले नाही, हे खरे. पण मीही विचारले नाही, आणि दोहोंतील मोठी चूक माझी होती.

पाळी सामान्यतः २४ ते ३८ दिवसांनी येते आणि आठ दिवसांच्या आत थांबते. एका पाळीत ८० मिलिलिटरहून, म्हणजे सुमारे सोळा लहान चमच्यांहून अधिक रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव, अशी व्याख्या आम्ही विद्यार्थिदशेत पाठ केली. घरी हे कोण मोजणार? म्हणून आज अधिक उपयुक्त कसोटी मानली जाते ती अशी की, स्रावामुळे आपल्या शरीरावर, मनावर वा रोजच्या व्यवहारावर परिणाम होत असेल, तर तो अधिकच समजावा. तास-दोन तासांत पॅड भिजत असेल, एकाच वेळी दोन पॅड लावावे लागत असतील, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या गाठी पडत असतील, प्रवास वा लग्नकार्य पाळीच्या तारखा पाहून ठरत असेल, तर "माझे असेच असते" असे म्हणून थांबू नये. घरातील सर्वच स्त्रियांचे असे असेल तर विशेषच. रक्त गोठण्यातील जन्मजात दोष घराण्यात चालत येऊ शकतो. मुलीला पहिल्या पाळीपासूनच फार जात असेल, दात काढल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, अंगावर सहज निळे डाग उमटत असतील, तर ही माहिती डॉक्टरांना आवर्जून द्यावी.

कारणे अनेक आहेत. गर्भाशयाच्या अस्तरातील मांसांकुर, स्नायूंतील फायब्रॉइडच्या गाठी, किंवा अस्तर स्नायूंतच शिरल्याने जड झालेले गर्भाशय. कित्येकदा गर्भाशय निर्दोष असते आणि बीजनिर्मिती अनियमित असते. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींत व चाळिशीनंतर हे विशेष आढळते. थायरॉइडची कमतरता, रक्त पातळ करणारी औषधे आणि तांबीही स्राव वाढवू शकतात. म्हणून तपासणीचा आरंभ साधा असतो : गर्भधारणा नाही याची खात्री, हिमोग्लोबिन, शक्य तर फेरिटिन, गरजेनुसार थायरॉइड आणि सोनोग्राफी. वय ४५ च्या पुढे असेल, किंवा लठ्ठपणा व दीर्घकाळ अनियमित पाळी असेल, तर अस्तराचा नमुना तपासावा लागतो. त्यास घाबरून टाळाटाळ करू नये.

आमच्या शिक्षिकाबाईंना फायब्रॉइडची एक मध्यम गाठ निघाली. ते कळताच नात्यातील तिघींनी सल्ला दिला, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल." हा सल्ला आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला होता, हे अनेकांना आठवत असेल. काही रुग्णांना ही शस्त्रक्रिया आवश्यक असते, हे मला मान्य आहे. पण ती पहिली पायरी क्वचितच असते. फायब्रॉइडचे रूपांतर कर्करोगात होणे अत्यंत विरळ आहे, तेव्हा केवळ त्या भीतीपोटी होकार देऊ नये. बीजकोशही काढले गेले तर रजोनिवृत्ती अकाली येते आणि हाडे ठिसूळ होतात.

त्याआधी बरेच काही करता येते. ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या केवळ स्रावाच्या दिवसांत घ्यायच्या असतात व त्या स्राव बराच कमी करतात. मात्र पूर्वी पायांत वा फुप्फुसांत रक्ताची गुठळी झाली असल्यास त्या चालत नाहीत. मेफेनॅमिक आम्ल वेदना व स्राव दोन्ही कमी करते, पण ते जेवणानंतर घ्यावे. संप्रेरकांच्या गोळ्या उपयोगी आहेत. उच्च रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा अर्धशिशी असल्यास तसे आधी सांगावे. संप्रेरक सोडणारे गर्भाशयातील साधन हा माझ्या मते अनेकींसाठी उत्तम पर्याय. त्याचे नाव काढताच "तांबीने तर जास्त जाते" असे उत्तर येते. तांबी वेगळी, हे वेगळे; हे स्राव घटवते. पहिले तीन ते सहा महिने थेंब-थेंब डाग पडत राहतात. हे आधी सांगितले नाही तर स्त्रिया ते काढून घेतात.

स्राव कमी करणे आणि गेलेले लोह भरून काढणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, ही समजूत मोठी गोड आहे. पण मुरलेला पंडुरोग बीट, खजूर वा गुळाने भरून निघत नाही. गोळ्या लागतातच. त्या चहासोबत घेऊ नयेत, लिंबूपाण्यासोबत घ्याव्यात. शौचास काळे होते, त्याची काळजी नको. हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही शरीरातील साठा भरण्यासाठी सुमारे तीन महिने त्या चालू ठेवाव्यात. बहुतेकजणी नेमक्या तेव्हाच थांबवतात.

काही प्रसंगी मात्र दवाखान्याची वेळ पाहू नये. लागोपाठ दोन-तीन तास दर तासाला पॅड भिजत असेल, उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा गरोदरपणाची शक्यता असताना स्राव होत असेल, तर थेट रुग्णालय गाठावे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला एक डागही तपासून घ्यावा.

शिक्षिकाबाईंना आधी शिरेतून लोह द्यावे लागले, मग ते साधन बसवले. आठ महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झाले. त्या दिवशी त्यांनी सोबत आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला आणले होते. तिच्या वहीच्या मागच्या पानावर गेल्या चार पाळ्यांच्या तारखा आणि रोज किती पॅड लागले याचे आकडे नीट मांडलेले होते. मला काही विचारावेच लागले नाही.