शॉवरला जोर कुठून येतो

वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला वाटतं, टाकी आपल्याच डोक्यावर, म्हणजे पाणी आपल्यालाच सगळ्यात जोरात. असतं नेमकं उलट. पुण्यातल्या एका जुन्या इमारतीत प्रेशर पंप बसवताना मी मिस्त्रींच्या मागे मागे फिरत होतो. त्यांनी पिशवीतून आधी पाना नाही, टेप काढली. शॉवरच्या तोंडापासून टाकीच्या तळापर्यंत उभं अंतर भरलं जेमतेम दीड मीटर. दहा मीटर उंच पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. म्हणजे टाकी तळाला गेली की या शॉवरच्या वाट्याला दीडशे ग्रॅम. तीन मजले खाली, तळमजल्यावर, हाच दाब किलोभर होतो.

मालकांच्या मनात पाचशेच्या जागी हजार लिटरची टाकी घ्यायचं होतं. "साठा वाढेल साहेब, फोर्स नाही वाढणार," मिस्त्री म्हणाले. दाब ठरतो उंचीवर. टाकी मीटरभर उचलली तरी शंभरच ग्रॅम जास्त मिळणार, आणि हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच एक टन. जुन्या स्लॅबवर हा भार चढवण्यापेक्षा पंप बरा, हे मलाही पटलं.

मग बादली. शॉवर काढून नुसत्या पाइपाखाली दहा लिटरची बादली लावली. भरायला दोन मिनिटं. मिनिटाला पाच लिटर. पंपाच्या फ्लो स्विचला पाणी वाहतंय एवढं कळावं लागतं, तरच तो मोटर सुरू करतो. धार अगदीच बारीक असली, तर पंप बसवूनही तो गप्पच राहतो. प्रेशर स्विचवाल्या पंपाची तऱ्हा निराळी: फ्लशची टाकी जरा गळत असली तरी तो अपरात्री सुरू होतो, थांबतो, पुन्हा सुरू होतो. इथे फ्लो स्विचवालाच घेतला.

खरं डोकं लागलं ते जागा ठरवताना. पंप फक्त गार पाण्याच्या लाइनवर बसवला आणि गरम पाणी सोलरमधून आपल्या वजनानेच उतरत असलं, तर मिक्सर उघडताच गार पाणी उलटं गरम लाइनमध्ये घुसतं, आणि गच्चीवर सोलरच्या एअर व्हेंटमधून सांडू लागतं. सोलरच्या आधी पंप लावावा, तर त्याची साधी टाकी दाब सोसण्यासाठी केलेलीच नसते. या घरात गीझर होता. म्हणून पंप गीझरचा फाटा फुटायच्या आधी बसला. गार-गरम दोन्हीला सारखा दाब. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढा नवा टाकला. भिंतीतला पाइप सीपीव्हीसीचा होता, नाहीतर गंजलेल्या जीआय पाइपाने हा दाब सोसला असता का, शंकाच आहे.

टाकीकडून पंपापर्यंत एक इंची पाइप, एल्बो कमीत कमी, दोन्हीकडे युनियन, खाली रबरी पॅड. जोड सुकल्यावर आधी हवा काढली. हवा धरली की पंप नुसताच घुमतो, पाणी येत नाही.

आता शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं की शंभर लिटर जातात. बादलीच्या आंघोळीला वीस पुरत होते. पाचशेची टाकी किती जणांना पुरणार, हा हिशेब मालकांनी अजून मांडलेला नाही.

शेवटी मिस्त्रींनी पंपाला वळसा घालून बायपास काढला आणि त्यावर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं फिरू न देणारा व्हॉल्व्ह, बसवला. लाइट गेली तर पाणी या वाटेने येईल, पूर्वीच्याच धारेने.