आई, याडी आणि चिंचोके

दिवाळीच्या अंकात काहीतरी गोड लिहावे असा रिवाज आहे. मी मात्र आज एका फजितीची हकीकत सांगणार आहे. फजिती माझी स्वतःचीच, तेव्हा कुणी रागावण्याचे कारण नाही.

मी नांदेडला कॉलेजात मराठी शिकवतो. माझा एक जुना विद्यार्थी मुखेडकडच्या डोंगराळ मुलखात, तांड्याजवळच्या प्राथमिक शाळेत गुरुजी आहे. "सर, एक दिवस आमच्या पहिलीला शिकवून बघा," असा त्याचा लकडा. गेल्या पावसाळ्यात गेलो. बरोबर शहरातून विकत घेतलेला गुळगुळीत चित्रांचा संच. पहिलेच चित्र आईचे. समोरच्या मुलीला विचारले, "ही कोण?" ती चित्राकडे पाही, माझ्याकडे पाही, पण बोलेना. तीनदा विचारले. मनात म्हटले, पोर जरा मंदच दिसते.

मागून गुरुजी हलकेच म्हणाले, "याडी?"

पोरीचा चेहरा एकदम फुलला. "याडी!" आणि मग याडी बाटी कशी भाजते, दिवाळीनंतर ऊसतोडीला कशी जाते, हे ती आपल्या लमाणी बोलीत सांगत सुटली. आता गप्प बसण्याची पाळी माझी होती. कारण मला निम्मेच कळत होते!

परतताना एस.टी.त मला आजोबा आठवले. निजामाच्या हैदराबाद संस्थानात माध्यमिक शाळेचे माध्यम उर्दू. 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही उर्दूच. आजोबांना गणित उत्तम येई. पण उर्दूतला प्रश्नच उमगत नसे. "मास्तर मला ढ म्हणायचे," हे सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज बदलत असे. स्वामी रामानंद तीर्थांसारख्यांनी हिप्परगा आणि अंबाजोगाईच्या शाळांतून शिकवले, ते अशाच दिवसांत. 17 सप्टेंबर 1948 ला तो काळ संपला. आणि त्याच आजोबांचा नातू त्या पोरीला मनातल्या मनात मंद ठरवून मोकळा झाला होता!

हा प्रश्न एका तांड्याचा नाही. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे तेलुगू कानी पडते, किनवटकडे गोंडी आणि कोलामी. लातूर जिल्ह्यात उदगीर-निलंग्याच्या सीमेवर कन्नड. आणि उर्दू तर गावोगावी. निदान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावे, असे 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. धोरण चांगलेच आहे. पण एकाच वर्गात तीन घरभाषांची पोरे बसलेली असताना सकाळी साडेदहाला गुरुजींनी करावे काय?

आमच्या गुरुजींनी काय केले ते सांगतो. भिंतीवर एक मोठा कागद लावला. एका ओळीत आईला आपापल्या घरी काय म्हणतात ते, दुसऱ्या ओळीत पाण्याला. पाणी, पानी, नीळ्ळु, नीरु... ज्याचा शब्द त्यानेच येऊन सांगायचा, मग सगळ्यांनी म्हणायचा. आजीला विचारून रोज एक कोडे आणायचे. आधी घरच्या बोलीत घालायचे, मग सगळ्यांनी मिळून मराठीत उतरवायचे.

गणिताचे साहित्य चिंचेखाली पडलेले. चिंचोका फोडला की एक अंग पांढरे, एक काळे. अशा दहा फाकी मुठीत घेऊन टाकायच्या. सहा पांढऱ्या, चार काळ्या. पुन्हा टाका, सात नि तीन. दहाच्या साऱ्या जोड्या खेळताखेळता पाठ! (बालवाडीतल्या चिमण्यांना मात्र चिंचोके देऊ नयेत, ती नाकात घालतात.) ज्वारीच्या चिपाडाचे बोटभर तुकडे करून दहाची एक पेंढी सुतळीने बांधायची. बत्तिसातून पंधरा वजा करायचे आहेत? तीन पेंढ्या नि दोन सुटे घ्या. सुट्यांतून पाच निघत नाहीत. मग एक पेंढी सोडा. दोन पेंढ्या नि बारा सुटे झाले. पंधरा काढले की उरले सतरा. "हातचा" म्हणजे काय, हे मला चाळिशी उलटल्यावर प्रथम डोळ्यांनी दिसले.

शनिवारी वर्गात आठवडी बाजार भरतो. करवंट्यांचा तराजू, खड्यांची वजने, जुन्या कॅलेंडरातून कापलेल्या आकड्यांच्या किमती. विकणाऱ्याने आपल्या बोलीत ओरडायचे, घेणाऱ्याने मराठीत घासाघीस करायची.

यात नवे काही नाही, असे गुरुजीच सांगतात. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला, अनुताई वाघांना बरोबर घेऊन हेच केले. शंख-शिंपले, बिया, पाने हेच त्यांचे साहित्य. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने मुलाकडे जावे म्हणून त्यांनी अंगणात वर्ग भरवले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातसुद्धा. मात्र मुलाचे अंगण शाळेत आणायचे, तर त्याची बोली वेशीवर ठेवून कसे चालेल?

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याकडे जुनी कॅलेंडरे, लग्नपत्रिका, बटणे, रिकाम्या पेट्या निघतीलच. रद्दीत घालण्यापूर्वी जवळच्या एखाद्या शाळेच्या बाईंना विचारून पाहा.

मी निघालो तेव्हा ती मुलगी भिंतीजवळ उभी होती. तिने कागदाकडे बोट दाखवून मला काहीतरी विचारले. गुरुजींनी अर्थ सांगितला, "सर, तुमच्या घरी काय म्हणतात, असं विचारतेय."

कागदावर आई, याडी, अम्मा, अव्वा, अम्मी असे शब्द होते. मी खडू घेतला आणि आजोबा त्यांच्या आईला म्हणत तो शब्द शेवटी लिहिला : माय.