हरतो संघ, शिक्षा शरीराला

२७ मार्च २०२४ च्या रात्री हैदराबादच्या मैदानावर सनरायझर्सच्या फलंदाजांनी मुंबई इंडियन्सच्या गोलंदाजांची अक्षरशः पिसे काढली. ३ बाद २७७ ही तोपर्यंतची आयपीएलमधील सर्वांत मोठी धावसंख्या होती. मुंबईनेही २४६ पर्यंत मजल मारली, पण ३१ धावांनी सामना हातचा गेला. त्याच रात्री कोल्हापूरजवळच्या एका गावात मंडळी एकत्र बसून हा सामना पाहत होती. रोहित शर्मा बाद झाल्यावर, चेन्नईचे चाहते असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी आनंद व्यक्त केला. शब्दाने शब्द वाढला, मारहाण झाली आणि काही दिवसांतच त्या गृहस्थांचा मृत्यू झाला. खेळाडू पुढच्या सामन्याच्या तयारीला लागले. इकडे एक घर कायमचे उघडे पडले.

अशी घटना विरळाच, हे खरे. पण तिच्या मुळाशी असलेली गोष्ट विरळ नाही. आपल्याला कधीही न भेटलेली अकरा माणसे शेकडो किलोमीटरवर हरतात आणि आपली छाती धडधडते, जेवण जात नाही, घरच्यांवर आवाज चढतो. आमच्या भिसेगाव-कर्जत परिसरात हे आयपीएलच्या दिवसांत सहज पाहायला मिळते. संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये एका मोबाइलवर चार-चार माथी झुकलेली असतात. विकेट पडली की अख्ख्या डब्यातून उसासा ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी ओपीडीत रक्तदाब मोजताना एखादा हसत हसत सांगतो, ‘‘डॉक्टर, आज जास्तच येणार, काल मुंबई हरली.’’ तो गमतीने म्हणतो. पण त्याच्या बोलण्यात तथ्य असते.

मुंबईच्या चाहत्यांनी अलीकडे बरेच सोसले आहे. २०१३ ते २०२० या काळात पाच वेळा विजेतेपद मिळवलेला हा संघ २०२२ मध्ये पहिले सलग आठ सामने हरला आणि तळाला गेला. २०२४ मध्ये १४ पैकी १० सामने गमावून पुन्हा दहावा, म्हणजे शेवटचा आला. अशा काळात चाहत्याचे मन कसे वागते, यावर बराच अभ्यास झालेला आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९७६ मध्ये विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची एक मजेशीर सवय नोंदवली. आपल्या विद्यापीठाचा संघ जिंकला की त्यानंतरच्या सोमवारी त्याच्या नावाचे कपडे अधिक विद्यार्थी घालत. सामन्याबद्दल बोलताना विजयात ‘आपण जिंकलो’ म्हणत आणि पराभवात ‘ते हरले’. आपल्याकडेही वेगळे काय होते? विजयाचे ‘आपण’ पराभवानंतर ‘हे लोक’ होऊन जातात. मनाला बसणारा धक्का सौम्य करण्याची ही युक्तीच आहे. मात्र ज्याची संघाशी नाळ फार घट्ट असते, त्याला ती जमत नाही. त्याला संघ सोडवत नाही आणि हार गिळवत नाही. मग तो राग कोणावर तरी काढतो. २०२४ च्या हंगामात कर्णधार बदलल्याचा राग हार्दिक पंड्यावर निघाला आणि खुद्द वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

हे सगळे केवळ मनात घडत नाही. मेंदूला खरा धोका आणि मानलेला धोका यांत फारसा फरक कळत नाही. शेवटच्या षटकात बारा धावा हव्या असताना मेंदूकडून इशारा सुटतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडतात. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, रक्तातली साखर वाढते, रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्तीही वाढते. वाघ समोर आला तर पळण्यासाठी ही तयारी उपयोगाची. आपण मात्र पळत नाही. सोफ्यावर बसून फरसाण खात असतो.

१९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने इटलीला हरवले, तेव्हा अमेरिकेत सामना पाहणाऱ्या चाहत्यांच्या लाळेची तपासणी करण्यात आली. ब्राझीलच्या चाहत्यांमध्ये टेस्टोस्टेरॉन वाढले होते, इटलीच्या चाहत्यांमध्ये ते घटले होते. पाहणी लहान होती, पण चेंडूला पायही न लावता शरीर हार-जीत भोगते, हे तिने दाखवले. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीने ब्राझीलला ब्राझीलमध्येच ७-१ असे चिरडले. त्या स्पर्धेदरम्यान ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्राझीलच्या चाहत्यांचे कॉर्टिसॉल मोजले होते. संघाशी ज्यांची ओढ सर्वाधिक, त्यांच्यात ते अधिक वाढलेले आढळले.

आता हृदयाकडे वळू. २००६ मध्ये जर्मनीत विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक परिसरातील तातडीच्या हृदयविकाराच्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी अशा घटना एरवीच्या २.६६ पट झाल्या, पुरुषांमध्ये ३.२६ पट, स्त्रियांमध्ये १.८२ पट. सर्वाधिक घटना सामना सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत घडल्या. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता त्यांना सर्वांत मोठा फटका बसला. ३० जून १९९८ रोजी इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरले. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने दाखल होणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले. १९९६ मध्ये नेदरलँड्सचा संघ फ्रान्सकडून असाच हरला, तेव्हा त्या दिवशी तिथल्या पुरुषांमध्ये हृदयविकार व पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे दीडपट झाले.

दुसरी बाजूही सांगायला हवी. इटलीतील एका मोठ्या अभ्यासात सामने पाहणे आणि हृदयविकाराचे झटके यांचा असा संबंध आढळला नाही. शिवाय ‘अडीच पट’ ऐकून घाबरण्याचे कारण नाही. निरोगी माणसाचा मुळातला धोका इतका लहान असतो, की त्याची अडीच पटही लहानच राहते. सामना हा बहुधा झटक्याचे मूळ कारण नसतो. आधीच साचलेल्या लाकडांवर पडलेली ती ठिणगी असते. लाकडे म्हणजे वर्षानुवर्षांचा रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, तंबाखू. आणि भारतीयांमध्ये हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात गाठतो, हे लक्षात घेतले तर चाळिशीतल्या चाहत्यानेही स्वतःला यातून वगळू नये.

सामन्याच्या रात्री आपण ठिणगीला वाराही घालतो. साडेसातला सामना सुरू, म्हणून जेवण लांबते. वेफर, शेव, चकलीतून मीठ पोटात जाते. कोणी तणावात एकामागून एक सिगारेट ओढतो, कोणी ग्लास भरतो. रात्रीची रक्तदाबाची गोळी ‘ओव्हर संपली की घेतो’ म्हणत राहूनच जाते. अकरानंतर सामना संपतो, त्यानंतर तासभर मोबाइलवर पराभवाची चिरफाड चालते. पहाटेची लोकल तर चुकवता येत नाही. म्हणजे चार-पाच तासांची झोप, तीही अर्धवट. यातली प्रत्येक गोष्ट रक्तदाब वाढवणारी आहे.

म्हणून काही गोष्टी नीट लक्षात ठेवा. सामना पाहताना किंवा नंतर छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे दुखणे, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, दरदरून घाम, धाप किंवा एकाएकी चक्कर, यांपैकी काही झाले तर ते ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ आहे असे स्वतःच ठरवू नका. मधुमेहींमध्ये दुखणे फारसे जाणवतही नाही. नुसती धाप किंवा कमालीचा थकवा असतो. अशा वेळी ‘एवढी मॅच संपू दे’ हे वाक्य फार महागात पडते. १०८ वर फोन करा किंवा ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात लगेच जा; स्वतः दुचाकी चालवत जाऊ नका. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या काही तासांतच सर्वाधिक उपयोगी पडते. बंद झालेल्या रक्तवाहिनीमागचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो.

पराभवाचा परिणाम ताटावरही होतो. अमेरिकी फुटबॉलच्या हंगामात केलेल्या एका अभ्यासात, संघ हरलेल्या शहरांतील लोकांनी सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सुमारे १६ टक्के अधिक संपृक्त चरबी खाल्ली. जिंकलेल्या शहरांत हे प्रमाण ९ टक्क्यांनी घटले. याच संशोधकांनी सुचवलेला उपायही साधा आहे. हरल्यानंतर लोकांना ‘माझ्या आयुष्यात मला खरोखर काय महत्त्वाचे वाटते’ हे लिहायला सांगितले, तर हा परिणाम नाहीसा झाला. मुलांचे शिक्षण, आईची तब्येत, शेतातले काम, मित्र ही यादी डोळ्यांसमोर आली की हरलेला सामना आपोआप आपल्या जागेवर जाऊन बसतो.

सर्वांत नाजूक विषय घराचा आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जिंकण्याची खात्री असलेला स्थानिक संघ अनपेक्षितपणे हरला, की पुरुषांनी घरातील स्त्रियांना मारहाण करण्याच्या नोंदी १० टक्क्यांनी वाढत, असे दिसले. हरणार हे ठाऊकच असेल तर ही वाढ दिसत नव्हती. म्हणजे पराभवापेक्षा अपेक्षाभंगाचा फटका मोठा. इंग्लंडच्या लँकशायरमध्ये तीन विश्वचषकांच्या काळातील पोलिसांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा इंग्लंड हरल्याच्या दिवशी घरगुती हिंसेच्या तक्रारी ३८ टक्क्यांनी वाढलेल्या आढळल्या. पण जिंकल्यावर किंवा बरोबरी झाल्यावरही त्या २६ टक्क्यांनी वाढल्याच होत्या. हा दुसरा आकडा फार बोलका आहे. ‘मॅच हरली म्हणून हात उठला’ ही सबब त्याने खोटी ठरते. सामना निमित्त असतो. हात उचलायची मुभा माणसाने स्वतःला आधीच दिलेली असते आणि दारू ती मुभा मोठी करते. कोणत्याही घरात असे घडत असेल, तर स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. राग आवरत नाही, झोप लागत नाही, सामन्यांवर पैसे लावण्याची सवय सुटत नाही, असे ज्याला स्वतःबद्दल जाणवते त्याने टेलि-मानसच्या १४४१६ वर बोलावे. ही सेवा मोफत आहे आणि मराठीतही उपलब्ध आहे.

मग काय, सामने पाहायचेच नाहीत? असे कोणताही शहाणा डॉक्टर सांगणार नाही. जवळच्या संघाशी जोडले गेलेल्यांना एकटेपणा कमी जाणवतो, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वान यांच्या संशोधनातून दिसते. लोकलमधल्या अनोळखी माणसाशी बोलायला स्कोअर किती, एवढा प्रश्न पुरतो. निवृत्त वडील आणि कॉलेजात जाणारा मुलगा यांना एका सोफ्यावर बसवणारी गोष्ट आजच्या घरांत दुसरी कोणती? हरणाऱ्या संघाला धरून राहण्यातही एक शहाणपण आहे. ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या पद्धतीच्या फुटबॉलमध्ये मेलबर्नचा संघ २०११ मध्ये जिलाँगकडून १८६ गुणांनी हरला. त्या खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत दारुण पराभवांपैकी तो एक. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, २०२१ मध्ये त्याच संघाने ५७ वर्षांनंतरचे पहिले विजेतेपद मिळवले. तोवर टिकून राहायचे, तर चाहत्याचे हृदयही टिकले पाहिजे.

त्यासाठी फार काही लागत नाही. गोळी आणि जेवण नाणेफेकीच्या आधी उरका. दोन षटकांच्या मध्ये उठा, अंगणात दोन फेऱ्या मारा. धडधड वाढली तर सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. तरीही थांबली नाही तर टीव्ही बंद करा. स्कोअर सकाळीही कळतो. ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेली आहे त्यांनी एकट्याने सामना पाहू नये. निकालानंतर अर्धा तास मोबाइल दूर ठेवा. आणि घरात लहान मूल शेजारी बसलेले असेल तर जिभेवर लगाम ठेवा, कारण मूल सामन्याइतकेच तुमच्याकडेही पाहत असते. हरणे म्हणजे काय आणि हरल्यावर वागायचे कसे, याचा पहिला धडा ते तिथेच घेते.

आणि राग फारच अनावर झाला तर एवढे आठवा. एप्रिल २०२४ मध्ये वानखेडेवर ज्या हार्दिकची हुर्यो उडाली, त्यानेच २९ जूनला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातले शेवटचे षटक टाकले आणि भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. तीन महिन्यांत प्रेक्षकांचे मत पूर्ण फिरले. जो राग तीन महिनेही टिकत नाही, त्याच्यापायी आपले हृदय किंवा दुसऱ्याचे डोके पणाला लावण्यात काय अर्थ आहे?