जुन्या करवतीचा जीर्णोद्धार

फाळणीनंतर सिंधी बांधवांनीं वसविलेल्या आमच्या जरीपटक्यांत भंगारवाल्याकडून आम्हीं जर्मन ‘श्टील’ कंपनीची ०७० ही १०६ घन सेंटिमीटरची साखळी-करवत आणली, तेव्हां घरच्या मंडळींनीं कपाळास हात लाविला. दट्ट्या सिलिंडरांत घट्ट अडकलेला! द्विघाती एंजिनास वंगण इंधनांतूनच मिळतें. कोणी तरी तेलाविना पेट्रोल भरलें असावें. चार दिवस डिझेलांत भिजवून दट्ट्या सुटला. सिलिंडरास चिकटलेलें ॲल्युमिनियम हलकेंच काढून नवा दट्ट्या, नव्या कड्या बसविल्या. कार्ब्युरेटरचे ताठरलेले पडदे बदलले. सातव्या झटक्यास यंत्र गर्जलें, आणि शेजारच्या आजोबांनीं खिडकी लावून घेतली. परंतु या जुन्या घडणींत साखळी थांबविणारा ब्रेक नाहीं. चिरंजीवांनीं तिला शिवावयाचें नाहीं, असें सौभाग्यवतींनीं बजाविलें आहे. आम्हीहि अद्याप ती लाकडास लाविलेली नाहीं.