हेलसिंकी–टोकियो अंतर तेवढेच, मग विमानाला साडेतीन तास जास्त का लागतात?

फिनलँडची राजधानी हेलसिंकी ते जपानची राजधानी टोकियो हे सरळ हवाई अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर. २०२२च्या सुरुवातीपर्यंत विमान ते साधारण साडेनऊ तासांत कापत असे. आता याच प्रवासाला जवळपास १३ तास लागतात. कारण, मधला रस्ताच बंद झाला आहे.

पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा; तो थेट सैबेरियावरून जातो. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे लक्षात येत नाही. या जवळच्या वाटेमुळेच युरोपातले प्रवासी जपान, कोरिया, चीनला जाताना हेलसिंकीत विमान बदलत. फिनएअर कंपनीच्या आशियातील धंद्याचा पाया हाच.

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय संघाने रशियन विमानांना हवाई हद्द बंद केली, रशियानेही तेच केले. तेव्हापासून टोकियोला जाणारी विमाने तुर्की, मध्य आशिया, चीनवरून वळसा घेतात. परतताना मात्र अनेकदा अलास्काजवळून थेट उत्तर ध्रुव ओलांडला जातो. ही वाट जवळपास १३ हजार किलोमीटरची. पण पश्चिमेकडून येणारे जोरदार वारे तिथे फारसे आडवे येत नाहीत.

ध्रुवावरची ही वाट नवी नाही. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद असताना, १९८३मध्ये फिनएअरने याच मार्गाने टोकियोची विनाथांबा सेवा सुरू केली होती.

चिनी कंपन्यांची विमाने मात्र आजही रशियावरूनच युरोपात येतात. वेळ कमी, इंधनही कमी.